आजीचं रक्त, नातवाचं रक्त

सोल्युबिलिटी चाचणीच्या कागदावर ‘निगेटिव्ह’ लिहिलेलं होतं आणि समोर सात महिन्यांचं लेकरू फुगलेले पंजे घेऊन कण्हत होतं. दोन्ही हातांची मागची बाजू टम्म, बोटं आखडलेली, पावलांचंही तेच. नुसता हात लावला तरी किंचाळायचं.

आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाहीच्या बाजूला. रोवणीचे दिवस होते आणि झड लागलेली होती. सिकलसेल हा आई-बापाकडून येणारा रक्तरोग, त्यात तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात. पावसाचा गारवा अंगात शिरला की सिकलसेलवाल्यांचं दुखणं उसळतं, हे इथल्या कुठल्याही आशाताईला विचारा. त्यामुळे मी आधी घरात कुणाला सिकल आहे का, ते विचारलं. बापानं पन्नीतून घडी घातलेला तो कागद काढला. लेकरू दोन महिन्यांचं असताना कुठल्याशा शिबिरात रक्त तपासून घेतलं होतं.

“पाच मयने लेकरू कसं गुटगुटीत होतं जी, म्याडम,” आजी म्हणाली. “सहाव्यात कोनाची त नजर लागली.”

नजरेचं सोडा, पण महिना तिनं अगदी अचूक धरला होता. आईच्या पोटात बाळ वेगळं हिमोग्लोबिन बनवतं, गर्भीय हिमोग्लोबिन. जन्मतेवेळी रक्तात साधारण 60 ते 80 टक्के तेच असतं. मग ते बनवणारं गॅमा जनुक हळूहळू बंद होतं, शेजारचं बीटा जनुक जोर धरतं, आणि सहा महिन्यांत बहुतेक कारभार त्याच्या हाती जातो. सिकलचा दोष आहे तो बीटा जनुकात. म्हणजे या लेकराचा रोग जन्मापासून अंगात होता, पण गर्भीय हिमोग्लोबिननं त्याला वर येऊ दिलं नव्हतं. सिकल असलेल्या नवजात बाळांच्या पेशी कोयत्यासारख्या फारशा वाकत नाहीत, हे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जॅनेट वॉटसन या डॉक्टरीणबाईंनी 1948 सालीच नोंदवलं होतं.

त्या कागदाचंही उत्तर यातच आहे. सोल्युबिलिटी चाचणीत सिकलचं हिमोग्लोबिन पुरेसं असेल तर द्रावण गढूळ होतं आणि नळीमागच्या रेघा दिसत नाहीत. दोन महिन्यांच्या बाळात ते अजून थोडंच असतं, द्रावण स्वच्छ राहतं आणि घरचे निर्धास्त होतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही चाचणी लावूच नये, त्याचं रक्त एचपीएलसीला, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीला पाठवावं. हे मी आमच्या प्रत्येक सिस्टरला पुनःपुन्हा सांगते, कारण त्या एका शब्दानं या लेकराचे पाच महिने गेले होते.

ताप नव्हता. प्लीहा एक बोट लागत होती. वेदनाशामक दिलं, अंगावरचं दूध चालू ठेवलं, ऊब दिली आणि आई-बापाचे नमुने घेतले. आजी थेट धानाच्या बांधीतून, शेतातून आलेली, नखांत चिखल. तिच्या डोळ्यांत पिवळसर झाक दिसली म्हणून तिलाही बसवलं.

“मले कायले टोचता? बुढी झाली मी.”

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालं, त्यातली तपासणी चाळिशीपर्यंतची आहे. पन्नाशी ओलांडलेली ही बाई त्या यादीत कधी आलीच नसती.

अहवाल आले. आई एएस, बाप एएस, म्हणजे जनुकाची एकच प्रत सिकलची असलेले वाहक; लेकरू एसएस, म्हणजे दोन्ही प्रती सिकलच्या, रोगी. यात नवल काही नाही. चौथा कागद आजीचा होता, त्यावरही एसएस.

नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून मी तिचा नमुना परत पाठवला. तेच आलं. चार बाळंतपणं केलेली, हयातभर चिखलात वाकून रोवणी केलेली बाई, आणि तिच्या रक्तात तोच दोष, बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. नातवाच्या जनुकात जे अक्षर बदललंय तेच तिच्या, दोन्ही प्रतींत. मग विचारत गेले तेव्हा ती सांगू लागली की तरुणपणी पावसाळ्यात हाडं ठणकायची, डोळे पिवळे व्हायचे. घरचे वात म्हणायचे. एकदा बाळंतपणात रक्त चढवलं होतं. बस एवढंच. अहवालाच्या खालच्या ओळीत उत्तर होतं: गर्भीय हिमोग्लोबिन 24 टक्के. मोठ्या माणसात ते एक टक्काही नसतं.

तिचं गॅमा जनुक पुरतं बंद झालंच नव्हतं.

मला या रोगात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. गॅमा जनुक जन्मानंतर मोडत नाही, गळून पडत नाही. डीएनएची अक्षरं जशीच्या तशी राहतात. त्यांच्यावर मिथाइल गटांच्या रासायनिक खुणा बसतात, बीसीएल11ए नावाचं प्रथिन तिथे पहारा धरतं आणि पेशी ते जनुक वाचणं सोडते. अक्षर न बदलता जनुक उघडण्या-मिटण्याच्या या व्यवस्थेला एपिजेनेटिक्स म्हणतात. आजीला मी सांगितलं, “तुम्ही वरच्या बांधीचं तोंड मातीनं बुजवून पाणी खालच्या बांधीत सोडता ना? वरची बांधी कुठे जात नाही. तुमचं तोंड थोडं उघडं राहिलं.”

“मंग या पोट्ट्याचं बी उघडा नं!”

इतका नेमका प्रश्न मला एमबीबीएसच्या तोंडी परीक्षेतही कुणी विचारला नव्हता. संशोधकांनी नेमकं तेच करून पाहिलंय. 1982 साली अमेरिकेत मिथाइल खुणा घटवणारं अ‍ॅझासायटिडीन हे औषध एका थॅलेसेमियाच्या रुग्णाला दिलं आणि गर्भीय हिमोग्लोबिन वाढलं. ते औषध जहाल, रोज द्यायचं नव्हे. त्यामागोमाग हायड्रॉक्सियुरियाकडे लक्ष गेलं. त्याची वाट वेगळी, पण गर्भीय हिमोग्लोबिन तेही वाढवतं, आणि 1995 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दुखण्याचे झटके जवळपास निम्म्यावर आले. 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेनं कॅसजेव्ही या उपचाराला मान्यता दिली. त्यात रुग्णाच्या मूळपेशी बाहेर काढून बीसीएल11एचा रक्तपेशींतला जोरच कापतात. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर. आमच्या हाती आहे ती हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल.

मात्र आजीचं सगळं भाग्य एपिजेनेटिक्सच्या खात्यावर टाकणं बरोबर नाही. भारतातल्या सिकलच्या जनुकाजवळ बहुतेकदा आणखी एक बदल असतो. गॅमा जनुकाच्या 158 अक्षरं आधी सी च्या जागी टी. त्यानं कुलूप मुळातच ढिलं राहतं. म्हणजे खुणा कुठे आणि किती घट्ट बसणार, हेही काही अंशी वारशातच लिहिलेलं. नातवाकडे आजीचा एक गुणसूत्र-तुकडा बापामार्फत आला आहे, दुसरा आईकडचा. त्याचं गर्भीय हिमोग्लोबिन पुढची काही वर्षं उतरतच राहील आणि मग कुठे स्थिरावेल ते कळेल.

तोवर हातावर हात धरून बसायचं नाही. सिकलमध्ये प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागते आणि न्यूमोकोकससारखे जंतू तासांत जीव घेतात. रोज पेनिसिलिन दिल्यानं असा संसर्ग 84 टक्क्यांनी घटला, हे 1986 सालीच दिसून आलं. ते त्याच दिवशी सुरू केलं. नववा महिना पुरा झाला की रक्तपेशी मोजून हायड्रॉक्सियुरिया. आईचा हात धरून तिची बोटं लेकराच्या डाव्या बरगडीखाली ठेवली, श्वासाबरोबर प्लीहेची कड बोटांना टेकते ती तिला दाखवली. रोज सकाळी बघायचं, एकदम मोठी लागली किंवा लेकरू पांढरंफटक पडलं तर पाऊस-पाणी न पाहता निघायचं. तिला तिसऱ्या वेळी कड सापडली, मग तिनं नवऱ्यालाही शिकवली.

“खानदानी रोग, त्याले इलाज नाई” हे वाक्य मी गावात ऐकते आणि कधी कधी आरोग्य खात्यातल्या माणसांकडूनही ऐकते. तेव्हा मला राग येतो. एकच दोष घेऊन आजी पन्नाशी पार करते, आणि तिचं काय वेगळं होतं ते आपल्याला ठाऊक आहे.

निघताना आजी दारातून परत फिरली. “लहान्या पोराची सोयरीक पाहून रायलो जी. त्याचं बी रक्त पाहा लागते का?”

पाहू, म्हटलं, पण तुमच्या दोन्ही प्रती सिकलच्या, तेव्हा तुमच्या प्रत्येक लेकराकडे एक गेलेलीच आहे. मुलीचं आधी तपासा. तीही वाहक निघाली तर प्रत्येक खेपेला बाळ एसएस होण्याची शक्यता चारात एक.

“पोरीवाले काय म्हनतीन?” सून पुटपुटली.

“मीच सांगीन,” आजी म्हणाली. “माया कागद घेऊनच जाईन.”

अहवालाची झेरॉक्स तिला दिली. पुढच्या बाजाराच्या दिवशी मुलगी वडिलांसोबत आली. तिचा नमुना जिल्ह्याला गेला आहे.