दिवाळीच्या सुट्टीतली संत्री

आज अमरावती जिल्ह्यातल्या वरुडकडच्या एका बागेत आंबियाचा, म्हणजे दिवाळीच्या सुमारास पिकणाऱ्या संत्र्याच्या बहाराचा, तोडा पाहून आलो. दिवाळीची सुट्टी अन् आंबिया बहार आपल्याकडे जोडीनंच येतात, म्हणून मामाच्या गावी आलेल्या लेकरांच्या हाती चकलीआधी संत्रं पडायचं.

यंदा लेकरांना बागेत नेणार असाल तर आधी दव सुकू द्या. ओल्या, ताठरलेल्या सालीतल्या तेलाच्या बारीक पिशव्या बोट दाबलं तरी फुटतात आणि तिथे तपकिरी डाग पडतो. फळ ओढून तोडू नका. देठाजवळची साल सोलून येते, त्याच जखमेतून बुरशी शिरते अन् एका सडक्या फळापायी कॅरेटमधली बाकीची फळंही नासतात. कात्रीनं देठ फळालगत कापा. लांब खुंटी राहिली तर शेजारच्या फळाला टोचते.

हिरवट आहे म्हणून नाकारू नका. रंग रात्रीच्या गारव्यानं चढतो, गोडी त्याआधीच भरलेली असू शकते. हाताला जड लागेल ते घ्या. साल फुगून फोडींपासून सुटलेलं हलकं फळ बहुतेकदा आतून कोरडं निघतं. घरी प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, तणसावर एकाच थरात पसरा.

साली मात्र संध्याकाळपर्यंत राखा. ताजी साल दुमडून पणतीच्या वातीकडे चिमटली की तेलाचा फवारा तडतडून पेटतो, क्षणभर ठिणग्या उडतात अन् ओटाभर वास सुटतो. फुलबाजीइतकंच लेकरांना याचं वेड! साल मोठ्यांनी धरावी, चेहरा लांब ठेवावा. ते तेल डोळ्यात फार झोंबतं.