जीपची हत्यारं आणि वेंगुर्ल्याची खारी हवा

जुन्या गाडीच्या नादातला माणूस आमच्या घरी आला की बॉनेट उघडायच्या आधी शेजारची सीट उचलून बघतो. आमची जीप सीजे-३बी आहे. विलिज कंपनीने १९५३ मध्ये हे मॉडेल काढलं, नवं हरिकेन इंजिन उंच म्हणून बॉनेटही उंच केलं. अमेरिकेत ते १९६८ ला बंद पडलं, आपल्याकडे महिंद्राने पुढे कितीतरी वर्षं बनवलं. या गाडीत ड्रायव्हरच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते आणि शेजारच्या सीटखाली हत्यारांचा कप्पा. काकांनी गाडी माझ्या हवाली केली तेव्हा त्या कप्प्यात मूळ कॅनव्हासची पिशवी होती आणि पिशवीत फिक्स पाने, स्क्रू पाना, पक्कड, पेचकस, हातोडी. ग्रीस गन आणि जॅक वेगळे. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीत इतकं सगळं एकत्र राहणं दुर्मीळ. इंजिन पुन्हा बांधता येतं, पत्रा नव्याने ठोकता येतो. त्या गाडीबरोबर आलेला पाना एकदा गेला की गेला.

पण आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पाने तांबूस झाले होते, पिशवी हाताला चिकट लागत होती.

आमच्या मेस्त्रींनी पहिल्याच दिवशी नेमकं सांगितलं, "तेल लावण्याआधी खार काढ." पावसात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसंच लोखंडावर बसलेल्या मिठाचं होतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता त्याखाली क्वचितच येते. त्या मिठावर तेल चोपडलं तर गंज तेलाखाली निवांत वाढत राहतो.

काम माघात काढलं. तेव्हा दुपारची हवा त्यातल्या त्यात कोरडी असते. आधी प्रत्येक हत्याराचा दोन्ही बाजूंनी फोटो घेतला, कागदावर ठेवून कड आखली, शिक्के लिहून घेतले. पाने इंची, मेस्त्रींच्या भाषेत सुताचे: चार सूत म्हणजे अर्धा इंच. रॉकेल आता सहसा मिळत नाही, म्हणून हत्यारं डिझेलमध्ये भिजत घातली आणि पितळी तारांच्या ब्रशने हलक्या हाताने घासली. पॉलिश पेपर लावला नाही. गंजाबरोबर शिक्क्याची धार आणि मूळ काळा थरही जातो, आणि चकचकीत पाना जुन्या गाडीत परका दिसतो. घरातून चिंच-आमसुलाचा सल्ला आला, कारण देवाची पितळी समई त्यानेच उजळते. पण आंबट पदार्थ पोलादावरचा तो काळा थर खाऊन टाकतो, म्हणून तो सल्ला बाजूला ठेवला.

डिझेलचा तेलकटपणा साबणाच्या पाण्याने काढला. मग धुवायचं कशाने? आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळा जवळ आला की मचूळ होतं. त्याने धुणं म्हणजे काढलेला खार परत लावणं. नळाच्या पाण्याने धुऊन शेवटचा हात बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याचा दिला. लगेच सुती फडक्याने पुसून पत्र्यावर कडक उन्हात वाळत घातली. त्यानंतर उघड्या हाताने एकाही हत्याराला शिवलो नाही, घामातही मीठ असतंच. हातमोजे घालून शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवला. गावात हरेक गोष्टीला खोबरेल लावतात, पण ते कालांतराने खवट होतं आणि त्यात तयार होणारी आम्लं धातूला बाधतात. हत्यारांना खनिज तेलच हवं.

पिशवीचा प्रश्न मला हत्यारांपेक्षा अवघड वाटला. सुती कॅनव्हास ओल आणि मीठ दोन्ही धरून ठेवतो, म्हणजे हत्यारांना सांभाळायला दिलेली पिशवीच पावसाळ्यात त्यांना गंजवते. ती साध्या पाण्यात पुन्हा पुन्हा बुडवून काढली आणि सावलीत वाळवली. डाग राहिले, ते राहू दिले. पावसाळ्यात पिशवी आणि हत्यारं एकत्र ठेवायची नाहीत, हे तेव्हाच ठरलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातून व्हीसीआय कागद आणला. मशीनचे सुटे भाग गुंडाळायला वापरतात तो. त्यातून सुटणारी वाफ लोखंडावर बसून गंज रोखते. एकेक हत्यार त्यात गुंडाळून रबरी कडेच्या घट्ट डब्यात ठेवलं. त्या डब्यात सिलिका जेल घातलं नाही, कारण ते ती वाफही शोषून घेऊ शकतं. सिलिका जेल दुसऱ्या डब्यात, पिशवीसोबत, बुरशी धरू नये म्हणून. रंग बदलणारं केशरी जेल घेतलं. निळ्यात कोबाल्टचं विषारी संयुग असतं, ते घरात नको.

दोन्ही डबे मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या शेडमध्ये नाही, घरातल्या माडीवर असतात. आषाढात मांगरातला आर्द्रतामापक नव्वदीच्या घरात होता, पिशवीच्या डब्यातला पन्नाशीच्या खाली.

हत्यारं गाडीत परततात ती खंडेनवमीला. हळद-कुंकू, झेंडू, सगळं साग्रसंगीत होतं. मात्र संध्याकाळी फुलं काढून प्रत्येक हत्यार पुसतो आणि तेलाचा हात पुन्हा देतो, कारण ओलं कुंकू आणि फुलांचं पाणी रात्रभर राहिलं की डाग उठतो. मग तेव्हापासून वैशाखापर्यंत पिशवी सीटखालीच. काहीजण मूळ किट कायमचं कपाटात ठेवतात. मला ते पटत नाही. तो कप्पा या हत्यारांसाठीच केलेला आहे, कोरड्या ऋतूत ती तिथेच हवीत.

प्लग पाना तेवढा मूळ किटमधून हरवला होता. त्या जागी नवा घालण्यापेक्षा खण रिकामा ठेवला. पुढे मुंबईच्या चोर बाजारात त्याच काळातला, तशाच घडणीचा मिळाला. जॅकचे आटे ग्रीस भरून पूर्ण मिटवून ठेवतो. रस्त्यात चाक बदलायची वेळ आलीच तर मागे नव्या पान्यांचा आणि साध्या जॅकचा वेगळा संच असतो, आणि नट त्यानेच खोलायचे, हे गाडी चालवणाऱ्या घरातल्या सगळ्यांना माहीत आहे.