आधी उतार, मग चढ : इंदूरजवळच्या डोंगरात फेब्रुवारी

पुण्याची मामेबहीण दर हिवाळ्यात फोनवर विचारते, "तुमच्या इंदूरला डोंगर आहेत तरी कुठे गं?" तिला मान वर केली की सिंहगड दिसतो. आमच्याकडे महूच्या पुढे गव्हाची शेतं सपाट पसरलेली असतात, आणि चालता चालता एका ठिकाणी जमीनच संपते. पुढे एकदम दरी, दरीपलीकडे नर्मदेकाठचा निमाड प्रांत, आणि हवा स्वच्छ असली तर पार टोकाला सातपुड्याची निळी रेघ. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. आपण माळव्याच्या पठारावर राहतो, म्हणजे डोंगराच्या माथ्यावरच घर बांधून बसलोय. विंध्य बघायचा तर खाली उतरावं लागतं.

ही गोष्ट कळायला सोपी वाटते, पण भटकंतीचं सगळं गणित तिच्यामुळे उलटं होतं. सह्याद्रीतल्या गडावर सकाळी ताज्या पायांनी चढायचं आणि दमल्यावर उतरायचं. आमच्याकडे सकाळच्या गारव्यात हसतखेळत उतरायचं, आणि ऊन डोक्यावर आलं, पाणी संपत आलं, पाय बोलायला लागले की मग चढ सुरू. उतरताना कुणालाच वाटत नाही की आपण फार लांब आलो.

आम्ही हे 2019 च्या मार्चमध्ये शिकलो. दादा, मी आणि दोन भाच्या. पोहे खाऊन सावकाश निघालो. पाताळपाणीच्या बाजूने चोरल नदीच्या दरीत उतरायला अकरा वाजले होते. माणशी एक-एक लिटर पाणी. मोबाइलवरच्या नकाशात सगळी दरी हिरवीगार दिसत होती, म्हणून सावलीची चिंता केली नाही. प्रत्यक्षात सागाच्या एकाही झाडावर पान नव्हतं. वर येताना दीड वाजला होता, खालचा काळा दगड तापलेला, आणि धाकट्या भाचीला गरगरायला लागलं. आम्ही तिला धरून परत खाली ओढ्यात आणलं, तिथे एका करंजाखाली तेवढी सावली होती.

ओढा कोरडाच होता. पण वळणावर एक बाई वाळूत खड्डा करून बसली होती. झिरा. हातात स्टीलचा पेला. पहिले चार-पाच पेले गढूळ पाणी तिने बाजूला ओतून दिलं, मग हात आखडून गप्प बसून राहिली. खड्ड्याच्या तळाशी वाळूतून पाणी हळूहळू पाझरत वर आलं, निवळशंख. मग तिने पेला अलगद टेकवून भरला, जराही वाळू न हलवता, आणि आधी भाचीला दिला. तिची घागर निम्मीच भरली होती. आम्ही चौघांनी पिऊन घेईपर्यंत ती आमच्यासाठीच पेले भरत राहिली. मी पैसे काढले तर तिने मान हलवली आणि विचारलं, "मोडी क्यूं आया?" उशिरा का आलात. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून आमच्या घरी बेत कागदावर होतो, आणि उलटीकडून होतो. आधी ठरवायचं की वर परत किती वाजता पोचायचं, मग मागे मोजत यायचं. फेब्रुवारीच्या मध्यात इंदूरला सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सव्वासहानंतर मावळतो. कागदावर दिवस अकरा तासांहून मोठा दिसतो, पण चालण्याजोगे त्यातले फार तर सकाळचे पाच तास. म्हणून नियम असा : सात वाजता पाऊल उतारावर, आणि साडेनऊला जिथे असू तिथून माघारी. समोर कितीही सुंदर वळण दिसो. पाणी माणशी तीन लिटर, त्यातली एक बाटली लाल दोरा बांधलेली. ती चढ सुरू झाल्याशिवाय उघडायची नाही. आत्याने हा दोरा सुरू केला, आणि तीच तो सगळ्यात कडकपणे पाळते.

हिवाळा सरतानाच का जायचं, हे मला बरेच जण विचारतात, कारण पाताळपाणीचा धबधबा म्हटलं की सगळ्यांना पावसाळा आठवतो. फेब्रुवारीत तो धबधबा म्हणजे काळ्या कड्यावरचा ओलसर डाग. तिंछाच्या धबधब्याचंही तेच. पाणी बघायला जायचं असेल तर ऑगस्ट बरा. पण डोंगर बघायचा असेल तर आत्ताच, कारण पानं झडली की दरीची हाडं दिसतात. लाव्हाचे थर एकावर एक, पायऱ्यांसारखे, समोरच्या कड्यावर बोट ठेवून मोजता येतात. पावसात त्याच जागी नुसतं हिरवं गवत असतं. आणि हे फार दिवस टिकत नाही. होळी झाली की दुपारी चालणं अशक्य.

सुरुवात आम्ही दर वर्षी राळामंडलपासून करतो. शहराला लागूनच असलेलं हे छोटं अभयारण्य, 1989 मध्ये घोषित झालेलं, टेकडीच्या माथ्यावर होळकरांचं शिकारगाह. इथे चढ आधी येतो, म्हणून नवख्या माणसाचे गुडघे आणि बूट तपासायला जागा उत्तम. आत्याचे नवे बूट इथेच चावले, ते बरं झालं. पुढच्या रविवारी जुने घातले.

पुढचा रविवार जानापावचा. आम्ही राजेंद्रनगरला राहतो, त्यामुळे राऊ ओलांडून ए. बी. रोडने महूच्या पुढे पोचायला तासभर पुरतो. गाडी थेट देवळापर्यंत जाते, पण आम्ही ती खाली कुटी गावाजवळ लावून जंगलातून चालत गेलो. हा जमदग्नींचा आश्रम आणि परशुरामाची जन्मभूमी, अशी इथली श्रद्धा. कार्तिकी पौर्णिमेला जत्रा भरते. फेब्रुवारीत मात्र कुंडाजवळ दोन-तीन माणसं आणि माकडं.

माथा सुमारे साडेआठशे मीटर. मला तो आवडतो तो उंचीपेक्षा एका वेगळ्या कारणाने. या डोंगरावर पडलेला पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. उत्तर उतारावर पडला तो चंबळेत, तिथून यमुना, गंगा करत बंगालच्या उपसागरात. दक्षिणेला पडला तो अजनारमधून नर्मदेत आणि मग अरबी समुद्रात. चंबळ, जी पुढे साडेनऊशेहून अधिक किलोमीटर धावते, तिचा उगम हा असा शांत. आत्या देवळाच्या मागे उभी राहून बराच वेळ एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे दोन पावलांचा फरक." तिने बांगड्या मागे सारल्या, बाटलीतलं ओंजळभर पाणी उत्तरेला सोडलं, ओंजळभर दक्षिणेला. लाल दोऱ्याची बाटली नव्हती, मी बघून घेतलं.

उतरताना गावातल्या शेतात हरभऱ्याचे डहाळे भाजत होते. आम्ही हुळा म्हणतो, ते होला म्हणतात. हात काळे, ओठ काळे. डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या तशाच परत आल्या.

तिसरा रविवार पाताळपाणी ते कालाकुंड. हाच तो जुना उतार, आणि तो मला पुन्हा करायचा होता. या वेळी बेत असा की फक्त उतरायचं; दादा गाडी घेऊन सिमरोल, चोरल असा वळसा घालून कालाकुंडला येणार. जिथे दोन गाड्या किंवा एक समजूतदार भाऊ असेल, तिथे या दरीसाठी हा सगळ्यात चांगला उपाय आहे. मीटरगेजची हेरिटेज ट्रेन 25 डिसेंबर 2018 पासून याच टप्प्यावर चालते, पण ती हंगाम आणि वार बघून. परतीचा बेत तिच्या भरवशावर करायचा असेल तर आदल्या दिवशी खात्री करून घ्यावी. आणि रुळांवरून, बोगद्यांतून चालू नये, मग कुणी कितीही फोटो टाकोत.

पाताळपाणी स्टेशनजवळ टंट्या मामांच्या, म्हणजे इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिल्लाच्या ठिकाणी नमस्कार करून निघालो. इंग्रजांनी त्यांना 4 डिसेंबर 1889 ला जबलपूरला फाशी दिलं. इथून जाणारी गाडी आजही क्षणभर थांबून मामांना सलामी देते, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. लहान असताना खांडव्याच्या गाडीत बसून मी तो क्षण मोजायची.

पायवाट गुरांची. वरचा टप्पा सागाचा. सागाचं वाळलेलं पान जेवणाच्या ताटाएवढं, कडक, कडा वर वळलेल्या. त्यावर पाय दिला की आधी पापडासारखा आवाज होतो, आणि त्याच्याखाली मुरमाचे गोल खडे असतात ते सरकतात. डोळ्यांना फक्त पानं दिसतात. आत्या काठीने आधी पान बाजूला सारायची, मग पाय ठेवायची. वेग निम्मा झाला. कुणीच पडलं नाही.

कड्यावर आग्या मोहोळं लटकलेली होती, काळी, अर्ध्या दरवाजाएवढी. या दिवसांत पळस, सावर फुललेले असतात, माश्या कामात असतात. अत्तर नको, आरडाओरडा नको, धूर तर नकोच. 15 फेब्रुवारीपासून वनखात्याचा आगीचा हंगाम सुरू होतो, आणि या गवताला एक काडी पुरते, त्यामुळे आम्ही चहा घरूनच थर्मासमध्ये नेतो. बिबट्या या जंगलात आहे, 2023 मध्ये तर महूजवळ वाघ फिरत होता. म्हणून पहाटे अंधारात उतरत नाही, आणि वाटेतल्या पहिल्या माणसाला विचारल्याशिवाय पुढे जात नाही.

दरीच्या पलीकडे रूळ दिसत राहतात. काळ्या कातळात कोरलेली ती बारीक ओळ बघितली की मला इंदूरचे राजे दुसरे तुकोजीराव होळकर यांची आठवण येते. 1870 मध्ये त्यांनी या रेल्वेमार्गासाठी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्क्यांनी, 101 वर्षांच्या मुदतीवर. संस्थानिकाने सरकारला कर्ज द्यावं! तो मार्ग घाटातून काढणाऱ्यांच्या हातांची मात्र कुठे नोंद दिसत नाही.

त्या वळणावर पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. करंज तिथेच होता, पानांनी भरलेला. झिरा होता, त्यावर काटेरी फांदी टाकून झाकलेला. ती बाई दिसली नाही. भाची, जी आता कॉलेजात जाते, फांदी उचलून वाकून बघून आली आणि पुन्हा तशीच नीट ठेवली. मग तिने लाल दोऱ्याची बाटली काढून मला दाखवली. भरलेली होती.

कालाकुंडला दादा स्टेशनाजवळ वाट बघत उभा होता, हातात पळसाच्या पानातलं कलाकंद. गावाची ओळखच ती. खवा रवाळ, जरासा खरपूस, आणि पानाचा हिरवट वास त्याला लागलेला. दोन पानं तिथे संपली, दोन घरी आणली.

आत्याने वाटेत पडलेली पळसाची फुलं पदरात गोळा केली होती. झाडावरची एकही तोडली नाही. रात्री तिने ती पातेल्यात भिजत घातली, सकाळी पाणी केशरी झालं होतं. रंगपंचमीला अजून वेळ आहे, म्हणून उरलेली फुलं गच्चीवर पेपरावर वाळत आहेत. त्याआधी एक रविवार शिल्लक आहे : जाम गेट, अहिल्याबाईंच्या काळातला दरवाजा, जिथे माळवा संपतो. खालच्या निमाडच्या वाटेवर साडेनऊपर्यंत, आणि मग माघारी. आत्या आत्ताच दोरा शोधतेय, एक बाटली वाढलीय.