शब्दापाशी गज वळतो

संगीताच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, तबल्याच्या चुंबळींच्या मागे, एक व्हायोलिन होतं. १९८० साली मी सातवीत आलो तेव्हा त्याच्या दोनच तारा शिल्लक होत्या आणि ते ज्यानं वाजवायचं त्या गजाचे निम्मे केस तुटलेले होते. जुलैतल्या एका धो धो पावसाच्या दिवशी पी.टी.चा तास बुडाला, आमचा वर्ग संगीताच्या खोलीत आणून बसवला, आणि तास सुटल्यावर सरांनी कपाट आवरायला मला थांबवून घेतलं. एवढंच निमित्त. पुढची चार वर्षं ते व्हायोलिन माझ्या मांडीवर होतं.

स्मरणिकेसाठी लिही असं कळवण्यात आलं तेव्हा शाळेतल्या गमतीजमती आठवायला बसलो. पण फिरून फिरून मन एकाच माणसापाशी येत राहिलं. तो माणूस आपल्या शाळेत कधी आला नाही, मी त्यांना प्रत्यक्ष कधी भेटलो नाही, त्यांची भाषाही मला येत नाही. त्यांचं नाव लालगुडी जयरामन, दक्षिणेतल्या कर्नाटक संगीतातले व्हायोलिनवादक. त्यांच्यापर्यंत मला पोचवलं ते दोघांनी: आपल्या संगीताच्या सरांनी आणि माझ्या बाकावर बसणाऱ्या मित्राच्या आजोबांनी.

सर मूळचे गाणारे. डोंबिवलीत तेव्हा गजाननबुवा जोशी राहत होते. गाणं आणि व्हायोलिन दोन्ही एकाच तोलानं सांभाळणारे. त्यांचं नाव घेताना सरांचा हात आपसूक कानाच्या पाळीकडे जायचा. ‘व्हायोलिन गायलं पाहिजे’ हा सरांचा मंत्र होता. त्यांनी स्वतःच्या पैशानं तारा आणल्या, तारांखालची घोडी सरळ केली, गजाला राळ कशी लावायची ते दाखवलं, आणि मांडी घालून, वाद्याचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवून बसायला शिकवलं. पहिले सहा महिने फक्त सा. मी कंटाळायचो. सर कंटाळायचे नाहीत.

मित्र ठाण्याच्या नौपाड्यातच राहायचा, शाळेपासून पाच मिनिटांवर. घर तमिळ, पण तो आणि त्याची बहीण आमच्यासारखेच मराठी माध्यमात. आजोबा रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांना सगळे तात्ता म्हणायचे, म्हणून मीही. चाळीस वर्षं मुंबईत काढल्यामुळे त्यांचं मराठी चांगलं होतं, फक्त वाक्याच्या शेवटी ‘नाही का’ हमखास यायचं. मी व्हायोलिन शिकतो हे कळल्यावर त्यांनी मला शनिवारी दुपारी बोलावलं. मामींनी स्टीलच्या पेल्यात कॉफी दिली. माझ्या घरी लहान मुलांना कॉफी मिळत नसे, त्यामुळे तोही एक मान वाटला. मग तात्तांनी लालगुडींची रेकॉर्ड काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि सुई ठेवली.

आपल्या भीमपलासीच्या अगदी शेजारी बसणाऱ्या आभेरी रागात दक्षिणेतले संत-रचनाकार त्यागराज यांची एक कृती, म्हणजे गायची रचना आहे, ती लागली. मला वाटलं, कुणीतरी बाई गातेय. मग वाटलं, नाही, हे व्हायोलिन आहे. मग पुन्हा वाटलं, गातंय.

तात्तांनी सुई उचलली. मांडीवर ताल धरून तीच ओळ हळू आवाजात म्हणून दाखवली. मग रेकॉर्ड परत लावली आणि विचारलं, “गज कुठे वळला, सांग.” मला सांगता येईना. तिसऱ्यांदा लावली. चौथ्यांदा लावली. शेवटी म्हणाले, “जिथे शब्द संपतो तिथे. मधे नाही. शब्द तोडायचा नाही, नाही का?” त्यागराजांची भाषा तेलुगू, तात्ता तमिळ. त्यांनी त्या सगळ्या कृतींचे अर्थ एका वहीत उतरवून घेतले होते. अर्थ कळल्याशिवाय लालगुडींचं वादन निम्मंच ऐकू येतं, असं त्यांचं ठाम मत होतं. मलाही आज तसंच वाटतं.

वाद्याला शब्द नसतात. तरीही दक्षिणेतल्या कृतीला साहित्य असतं, म्हणजे पल्लवी, अनुपल्लवी, चरण असं बांधलेलं काव्य, आणि व्हायोलिनवाला तेच वाजवत असतो. सुरांच्या सोयीनं गज ओढला तर सूर गोड लागतात, पण शब्दाचे तुकडे होतात. लालगुडींनी सोय सोडली आणि शब्द धरला. अक्षरावरचा जोर, जोडाक्षराचा आघात, दीर्घ स्वराची ओढ हे सगळं त्यांच्या गजात यायचं. या वादनशैलीला ‘लालगुडी बाणी’ असं नावच पडलं.

सोमवारी मी हे सरांना सांगितलं. सर गप्प झाले. मग म्हणाले, “पसायदान वाजव.” मी वाजवलं. “विश्वात्मकें या शब्दाचे दोन तुकडे केलेस बघ. विश्वा, आणि मग त्मकें. कोण म्हणतं असं? परत.” त्या दिवसापासून सरांचा नियम झाला: आधी ओळ तोंडानं म्हणायची, मग वाजवायची. प्रार्थना असो की समूहगीत, त्यांना डोळे मिटून शब्द ऐकू आला पाहिजे. तोवर ‘परत’.

लालगुडी हे त्रिचनापल्लीजवळचं गाव. त्यागराज स्वामी तिथे आले होते आणि त्या गावच्या देवदेवतांवर त्यांनी पाच कृती रचल्या; लालगुडी पंचरत्न म्हणून त्या आजही गातात. जयरामन यांच्या घराण्यातले राम अय्यर हे त्यागराजांचे शिष्य. अशा घरात १७ सप्टेंबर १९३० रोजी हा मुलगा जन्मला. वडील गोपाल अय्यर हेच गुरू, आणि फार कडक. मुलाच्या बोटांना इजा होऊ नये म्हणून त्याला पेन्सिलीला टोकही करू देत नसत, असं सांगतात. हा प्रसंग तात्तांनी मला सांगितला आणि मी मधल्या सुट्टीत सरांना. सर खूप वेळ हसत होते, पण त्यांनी तो लक्षात ठेवला.

आणखी एक गोष्ट तात्ता मोठ्या अभिमानानं सांगायचे. ते तंजावरजवळच्या कुंभकोणमचे. “तुमचे राजे आमच्या गावाकडे आले, नाही का?” आम्हाला इतिहासात व्यंकोजीराजे तंजावरला गेले एवढंच होतं, पुढचं काही नव्हतं. पुढचं तात्तांनी शिकवलं. गोऱ्या लोकांबरोबर आलेलं व्हायोलिन कर्नाटक संगीतात आणणाऱ्यांत बालुस्वामी दीक्षितर होते, थोर रचनाकार मुथुस्वामी दीक्षितरांचे धाकटे भाऊ. आणि वडिवेलू होते, तंजावरच्या सरफोजीराजांच्या दरबारातल्या चार भावांपैकी एक. ते पुढे त्रावणकोरला गेले आणि तिथल्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी त्यांना हस्तिदंती व्हायोलिन दिलं. मराठी राजांच्या सावलीत रुजलेलं वाद्य आपल्या शाळेच्या कपाटात तबल्याच्या मागे पडलंय, या विचारानं मला त्या वयात शहारे यायचे.

बाराव्या वर्षापासून जयरामन साथीला बसू लागले. अरियाकुडी, चेंबै, सेम्मंगुडी, जी. एन. बालसुब्रमण्यम, मदुराई मणी अय्यर. त्या काळातल्या बहुतेक सगळ्या मोठ्या गायकांच्या बाजूला ते बसले. ही साथ सोपी नसते. गायक एखादी ओळ घेऊन ती नव्यानव्या अंगानं फुलवतो, मग सरगम सुरू करतो, आणि प्रत्येक आवर्तनानंतर व्हायोलिननं तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. आधी ठरलेलं काही नाही. गायकाची फिरत जशीच्या तशी द्यायची, त्यात आपली एखादी रेघ मिसळायची, पण त्याच्यावर कुरघोडी करायची नाही. गायक ओळीत असताना त्याच्या मागे सावलीसारखं राहायचं. तात्ता म्हणायचे की लालगुडींची साथ असली की गायकाचं गाणं रंगतं, आणि ते का रंगलं ते गायकालाही कळत नाही.

हे मला नववीच्या गॅदरिंगला उपयोगी पडलं. शाळेच्या मैदानात मांडव, माईक एकच. आमच्या वर्गातली एक मुलगी गाणार होती, साथीला मी. तालमीत मी तिच्या पुढे पळायचो, दोन ओळींच्या मधल्या जागेत ताना भरायचो. मुलं टाळ्या वाजवायची आणि मला ते आवडायचं. सरांनी एकदाच सांगितलं, “गाणं तिचं आहे.” प्रत्यक्ष कार्यक्रमात दुसऱ्या कडव्याला तिचा आवाज थरथरला आणि सूर खाली घसरला. समोर पालकांची गर्दी, पहिल्या रांगेत मुख्याध्यापक. मी ताना सोडल्या आणि तिला ऐकू जाईल असा पंचम धरून ठेवला, लांब, गज न उचलता. तिनं एक श्वास घेतला, पंचमावर आली आणि कडवं पुरं केलं. मैदानात कुणाला काही कळलं नसावं.

दुसऱ्या दिवशी भूमितीची चाचणी होती आणि वर्गावर सर होते. मी ब्लेडनं पेन्सिलीला टोक करत होतो. सर बाकापाशी आले, माझ्या हातातून ब्लेड आणि पेन्सिल दोन्ही घेतली, खिडकीत उभं राहून सावकाश, छान लांब टोक केलं, पेन्सिल माझ्यासमोर ठेवली आणि पुढच्या रांगेकडे गेले. गॅदरिंगबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत.

लालगुडींच्या पुढच्या आयुष्याकडे मी नंतर वळलो. १९६५ मध्ये ते एडिंबरा महोत्सवात वाजवायला गेले. तिथे जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन यांनी त्यांना ऐकलं आणि इतके भारावले की आपलं इटालियन व्हायोलिनच त्यांना भेट दिलं. १९६६ पासून बासरीचे एन. रमणी आणि वीणेचे आर. वेंकटरामन यांना बरोबर घेऊन त्यांनी व्हायोलिन, वेणू आणि वीणा यांच्या एकत्रित मैफली सुरू केल्या. साथीचं मानलं जाणारं वाद्य त्यांनी मैफलीच्या मध्यभागी आणलं, तेही साथीला बसणं कमी न मानता. १९७२ मध्ये पद्मश्री आणि २००१ मध्ये पद्मभूषण मिळालं. ‘शृंगारम’ या तमिळ चित्रपटाच्या संगीतासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मुलगा कृष्णन आणि मुलगी विजयालक्ष्मी दोघेही व्हायोलिनवादक. गायिका बॉम्बे जयश्री त्यांच्याच शिष्या. मुंबईत वाढलेली मुलगी त्यांच्याकडे शिकली याचा तात्तांच्या घरी केवढा आनंद होता!

पण मला सर्वांत जवळचे वाटतात ते रचनाकार लालगुडी. त्यांनी तमिळ, तेलुगू आणि संस्कृतमध्ये वर्णम् हा रचनाप्रकार आणि कृती बांधल्या. त्यांचं नवरस पदवर्णम्, म्हणजे नाचासाठीचं वर्णम्, मदुराईच्या मीनाक्षीवर आहे, नऊ रसांसाठी नऊ राग. आणि त्यांचे तिल्लाने! तिल्लाना म्हणजे आपल्या तराण्याचा दक्षिणेतला भाऊ: नाचाचे बोल, वेग, आणि शेवटाकडे एखाददुसरी काव्यपंक्ती. लालगुडींनी ते मोहनकल्याणीसारख्या दक्षिणी रागात तर बांधलेच, पण देश, रागेश्री, पहाडी आणि ज्याला आपण जयजयवंती म्हणतो त्या द्विजावंतीतही बांधले. पं. राम मराठ्यांच्या ठाण्यात वाढलेल्या कानाला हे राग घरचे. देशमधला तिल्लाना मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, ओळखीच्या घरात शिरलोय आणि सगळ्या खिडक्या वेगळ्या दिशेला उघडतायत. साथीला बसून आयुष्यभर दुसऱ्याचं गाणं ऐकलेला माणूसच असं बांधू शकतो, असं माझं मत आहे. प्रत्येक बोल नाचणारीच्या पायाला नेमकी जागा ठेवून येतो.

२२ एप्रिल २०१३ रोजी ते चेन्नईत गेले. मित्राचा फोन आला. तो फक्त “गेले” म्हणाला. कोण, ते मला विचारावं लागलं नाही.

पुढच्या वर्षी माझ्या पुतणीचं अरंगेत्रम, म्हणजे रंगमंचावरचा पहिला स्वतंत्र नाच, गडकरी रंगायतनात झालं. भरतनाट्यम्‌चा कार्यक्रम तिल्लान्यानं संपतो. तिच्या गुरूंनी लालगुडींचा देश रागातला तिल्लाना निवडला होता. साथीला बसलेली व्हायोलिनवाली विशीतली, डोंबिवलीची मुलगी. मी नाच बघायचा सोडून तिच्या गजाकडे बघत होतो. तिल्लान्यातले बोल संपले, काव्याची ओळ आली, आणि तिचा गज शब्दापाशी वळला. सर तेव्हा हयात नव्हते, तात्ता तर केव्हाच गेले होते. दोघांना हे दाखवायला हवं होतं, असं फार वाटलं. कार्यक्रमानंतर बाहेर तलावपाळीच्या कट्ट्यावर मी बराच वेळ बसून राहिलो.

यंदा शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या तयारीला आलो तेव्हा कपाट उघडून पाहिलं. व्हायोलिन तिथेच होतं. मी ते नेऊन दुरुस्त करून आणलं: चार नव्या तारा, नवी घोडी, गजाला नवे केस. मित्रानं तात्तांच्या अकरा रेकॉर्डी आणि ती अर्थांची वही शाळेला दिली आहे, प्लेयर मी दिला आहे. संगीताच्या बाईंशी बोलणं झालंय. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुपारी बारापर्यंत खोली उघडी राहील. गेल्या शनिवारी सहावीतल्या तीन मुली आणि एक मुलगा आला होता. आभेरीतली ती कृती लावली आणि सुई उचलून मी त्यांना विचारलं, गज कुठे वळला. मुलगा म्हणाला, “परत लावा ना, काका.”