मामाचा बाण मधातच अडकतोय

परभणीला आमच्या मामाची छोटी प्रेस आहे, लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, असलं सगळं. पंचवीसेक वर्षांच्या फायली पेजमेकर ह्या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधल्या आणि फॉन्ट युनिकोडच्या आधीचे, म्हणजे फॉन्ट नसला की ‘चि. सौ. कां.’च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. ते विंडोज ९८चं डबडं मागच्या उन्हाळ्यात ऐन तिथींच्या गर्दीत बसलं. मग मी हार्डडिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढली, नवा पीसी घेतला, त्यावर लिनक्स आणि लिनक्सच्या पोटात क्यूएमू (म्हणजे कॉम्प्युटरात दुसरं कॉम्प्युटर भासवणारा एम्युलेटर), आणि त्याच्यात ते जुनं ९८ परत उठवलं. उठलं पण! मी खुश होऊन तपोवननं संभाजीनगरला परत.

घोळ फुल स्क्रीनपासून सुरू झाला. विंडोत चालवलं की मामाला दोन दोन टायटल बार दिसायचे आणि तो पेजमेकर बंद करायच्या ऐवजी अख्खं मशीनच बंद करायचा, म्हणून म्हणलं फुल स्क्रीन करून देऊ, त्याला वाटेल आपलं जुनंच कॉम्प्युटर आहे. दुसऱ्या दिवशी फोन. “अरे मी उजवीकडं नेऊ लागलो तर ह्यो बाण मधातच उभा, पुढं सरकतच नाही. कामून?”

आधी मला वाटलं माऊसच खराब असेल, मामा माऊसपॅड म्हणून जुनी पत्रिका वापरतो. पण नाही. भानगड अशी की ९८ला आत जो दिसतो त्या जुन्या, गोल पिनवाल्या पीएस/२ माऊसला आपण कुठं आहोत ते माहीतच नसतं. तो ३ बाइटचं पाकीट पाठवतो, पहिल्यात बटणं आणि दिशेचे बिट, दुसऱ्यात आडवं किती सरकलो, तिसऱ्यात उभं किती, बास. बाण स्क्रीनवर कुठं आहे हा हिशोब विंडोज ९८ स्वतः ठेवतं. आणि इकडं बाहेर लिनक्सचा स्वतःचा बाण वेगळाच, त्याचा वेगळा हिशोब. हात एक आणि बाण दोन! बाहेरचा लपवलेला असतो म्हणून दिसत नाही, पण तो असतोच, आणि तो स्क्रीनच्या कडेला जाऊन टेकला की त्याच्यापुढं सरकायला जागा नाही, मग क्यूएमूला ‘सरकला’ असं कळतच नाही आणि आतला बाण जिथं असेल तिथं उभा. ९८ची स्क्रीन ८०० × ६००, मामाचा मॉनिटर १३६६ × ७६८, दोघांची मापं सुद्धा जुळत नाहीत.

ह्याच्यावर जुनी युक्ती आहे. लपवलेला बाण कडेला आला की एम्युलेटर गुपचूप त्याला उचलून परत मधात ठेवतो, म्हणजे हात कितीही फिरवा, कड लागतच नाही. मग मामाकडं ते का होत नव्हतं? तर नव्या लिनक्समध्ये लॉगिन केलं की आपोआप वेलँड, म्हणजे स्क्रीन-माऊस सांभाळणारी नवी व्यवस्था, चालू होतं, आणि वेलँडमध्ये साध्या ॲपला बाण असा उचलून दुसरीकडं ठेवायची परवानगी नाही. सुरक्षेच्या बाजूनं बरोबरच आहे म्हणा, पण माझ्या दोन संध्याकाळी त्यात गेल्या. लॉगिनच्या वेळी सेशन बदलून एक्सऑर्ग, म्हणजे त्याच कामाची जुनी व्यवस्था, निवडायला लावलं, लगेच सुटलं.

आणि त्या दोन संध्याकाळी जास्त का गेल्या तर मी हे सगळं संभाजीनगरहून रिमोटवर बघत होतो. व्हीएनसी सारखी रिमोटवाली सोय माऊस पाठवते ती जागा पाठवते, किती सरकला ते नाही. म्हणजे इकडं माझा बाण कोपऱ्यात, तिकडं क्यूएमू त्याला मधात ठेवतंय, मी जरा हललो की परत कोपऱ्यात, आणि आतला बाण उरुसात हात सुटलेल्या पोरासारखा सैरावैरा. मी त्यालाच मामाचा प्रॉब्लेम समजून बसलो होतो. शेवटी रविवारी परभणीला जाऊनच बसलो.

तिथं गेल्यावर दुसरं कळलं, बाण आता अडकत नव्हता पण उड्या मारत होता. हात जोरात फिरवला की लिनक्स आपल्याकडून वेग वाढवून देतं, आणि तो वाढलेला आकडा आत गेला की ९८ परत वाढवतं, त्याच्यात तर ठरावीक मापापेक्षा जोरात सरकलं की अंतर सरळ दुप्पट करायची सोयच आहे. व्याजावर व्याज. बाहेरचं ॲक्सलरेशन (हे वेग वाढवणं) फ्लॅट केलं, म्हणजे बंद, आतलं राहू दिलं कारण मामाच्या हाताला तेच सवयीचं. यूएसबी टॅब्लेटवाला पर्याय पण लावून पाहिला, त्यात सरकणं नाही तर सरळ जागाच आत कळवतात आणि बाण पकडून ठेवायची गरजच पडत नाही, नव्या सिस्टीमला झकास चालतो, पण आमच्या ९८ला काही तो पचला नाही.

मग खरा किस्सा. गिऱ्हाईकानं नवरदेवाचं नाव बदलून व्हॉट्सॲपवर पाठवलं, आणि मामाला ९८मधून बाहेर येता येईना. कंट्रोल-अल्ट-जी दाबलं की माऊस सुटतो हे क्यूएमू वरच्या टायटल बारवर लिहून दाखवतं, आणि फुल स्क्रीनमध्ये टायटल बारच गायब! म्हणजे दाराची किल्ली दाराच्या बाहेर टांगलेली. मामानं काय केलं, भिंतीवरचं बटण बंद केलं. अर्धी पत्रिका गेली.

माऊस सोडवायला क्यूएमूसारख्याच डॉसबॉक्सला कंट्रोल-एफ१०, व्हर्च्युअलबॉक्सला उजवं कंट्रोल, प्रत्येकाचं आपलं वेगळंच. अरे ब्राउझर सुद्धा फुल स्क्रीनला गेला की दोन सेकंद सांगतो एस्केप दाबा म्हणून, तेवढं करायला ह्यांचं काय जातंय?

कंट्रोल-अल्ट-एफनं फुल स्क्रीन सुटतं, म्हणून मी आपलं एका चिठ्ठीवर ‘आधी कंट्रोल-अल्ट-एफ, मग माऊस नाही सुटला तर कंट्रोल-अल्ट-जी’ असं लिहून मॉनिटरला चिकटवलं. परवा मामानं फोटो पाठवला. चिठ्ठी काढून तिथं त्यानं पेजमेकरमध्ये नीट छापलेलं कार्ड लावलंय, वर गणपती, कडेनं वेलबुट्टी, मधात दोन्ही कंट्रोल-अल्ट, आणि खाली बारीक अक्षरात, ‘बाहेर यायचं अगत्य करावे.’