आज कातडी कोरडी होती

बुधवार, रात्री उशिरा

सकाळी आंघोळ झाल्यावर नेहमीसारखी पोटाची घडी उचलून खाली टॉवेल टेकवला, तर तो स्वच्छ निघाला. ओल नाही, वास नाही. वाकून आरशात पाहिलं. डाव्या बाजूचा तो लालभडक चट्टा फिका तपकिरी पडलाय. आणि माझ्या पोटात धस्स झालं.

स्वतःचं अंग बरं झालं म्हणून कुणाला धस्स होतं का? दिवसभर हेच चाललंय डोक्यात.

दहा दिवस राहिले होते फक्त. वजन उतरल्यावर लोंबत राहिलेली पोटाची कातडी कापून घ्यायची आहे, आणि तिचा खर्च द्यायला विमा कंपनीला तीन महिन्यांची नोंद हवी आहे. मलम, पावडर, बुरशीवरच्या गोळ्या, सगळं करूनही घडीखालचं पुरळ हटत नाही, हे डॉक्टरांच्या कागदांवर तारखांसकट दिसायला हवं. बाकीच्या अटी मी एकेक करून पार केल्यात. वजन उतरवायच्या ऑपरेशनला दीड वर्ष उलटलेलं हवं, उलटलंय. वजन सहा महिने एका जागी हवं, ७१ वर थांबून सात महिने झाले. घडी जांघेच्या हाडाखाली उतरलेली हवी, ती तर मांडीला टेकते. फोटोही दिले. समोरून, दोन्ही बाजूंनी, आणि एक घडी दोन्ही हातांनी वर धरून. ते ताईने काढले. त्या दुपारबद्दल आज लिहीत नाही.

राहिलं होतं ते पुरळ. आणि ते आज गेलं.

पहिला दावा नामंजूर झाला तेव्हा पत्रात कारण एका शब्दात होतं, कॉस्मेटिक. फॉर्मवर अ‍ॅब्डोमिनोप्लास्टी लिहिलं गेलं होतं. त्यात पोटाचे स्नायू आवळतात, बेंबी नव्या जागी बसवतात, म्हणून ते सौंदर्यासाठी. मला हवी ती पॅनिक्युलेक्टॉमी, लोंबणारी कातडी कापून टाकायची, बस्स. तो उपचार धरला जाऊ शकतो, पण वैद्यकीय गरज सिद्ध केली तर. दंडांचं आणि मांड्यांचं तर नावच काढू नका, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. मी काढलंही नाही.

पण ‘सिद्ध’ या शब्दाने माझं काय करून ठेवलंय ते आज दिसलं. दुपारी घडीतला सुती कपडा बदलायची वेळ झाली आणि मी बदलला नाही. मुद्दाम. खुर्चीत बसून राहिले. घाम साचत होता, कळत होतं. घाम साचला की काय होतं ते माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? कातडीवर कातडी घासते, वारा लागत नाही, आधी आग होते, मग चिघळतं, मग त्यात बुरशी धरते. मी ते होण्याची वाट बघत बसले होते. तासभर. मग उठून कपडा बदलला, कोरडं केलं आणि न्हाणीघरातच रडले.

५७ किलो घालवले. तेव्हा सगळ्यांनी पाठ थोपटली. आता म्हणतात, व्यायाम कर, येईल जागेवर. नाही येत. वर्षानुवर्षं ताणलेल्या कातडीतले इलास्टिनचे, म्हणजे तिला लवचीक ठेवणारे, धागे तुटलेले असतात, ते कितीही चाललं तरी परत विणले जात नाहीत. मी चालतेच रोज, एका हाताने पोट धरून. हे कुणाला दिसत नाही, कारण कपड्यांत मी आता ‘छान’ दिसते. आणि घरात तरी कुणाला सांगू? त्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता... जाऊ दे.

संध्याकाळी दवाखान्यात फोन केला. चोरी कबूल करावी तशा आवाजात सिस्टरांना सांगितलं की पुरळ गेलंय. त्या म्हणाल्या, “अहो, मग तसंच लिहा. गेलं तारीख अमुक, परत आलं तर तारीख अमुक. उपचार करूनही पुन्हापुन्हा येतंय हेच तर दाखवायचंय. आणि हात पोटाला धरून चालता, जिन्यावर थांबता, ते लिहिलंय का कधी?”

नव्हतं लिहिलं. पावणेतीन महिन्यांच्या वहीत पानंच्या पानं फक्त लाली, ओल, वास. मी कशी चालते, वाकताना काय होतं, रात्री कूस बदलताना घडी हाताने उचलून दुसरीकडे ठेवावी लागते, यातलं एक अक्षर नाही. ही कातडी मला काय काय करू देत नाही, ते मीच कधी मोजलं नव्हतं.

तरी सकाळचं ते धस्स जात नाही. दावा मंजूर झाला तरी ते लक्षात राहील. पण तीन महिने रोज त्याच जागेकडे बघत, आज किती वाईट आहे ते कागदावर मांडत बसलं की मन तिकडे वळणारच. ते वळलं. मी तासाभराने का होईना, उठले. दहा दिवसांत पुरळ परत येईल किंवा येणार नाही. नाही आलं तर अपील पुढच्या महिन्यात जाईल, नव्या नोंदींसकट. दीड वर्ष थांबले, त्यात एक महिना.

ताईला फोन करून सांगितलं. ती आधी म्हणाली, “अगं, छान झालं ना!” मग गप्प झाली. तिच्या लक्षात आलं असावं. मीही काही बोलले नाही.

झोपायच्या आधी वही काढली.

दिवस ८१. कोरडी. लाली नाही, वास नाही. जिना चढताना दोनदा थांबले, हात पोटाला. दुपारचा कपडा एक तास उशिरा बदलला.