आमची वाटचाल : कंपनीचा सपोर्ट संपलेल्या मशीनसोबत

कॉपियर आणि प्रिंटर दुरुस्तीत आम्ही उतरलो तेव्हा सगळी भिस्त हातावर आणि कानावर असायची. अ‍ॅनालॉग मशीनचं झाकण उघडलं की आरसे, लेन्स, ज्यावर प्रतिमा उमटते तो ड्रम, हीट रोलर सगळं डोळ्यांसमोर. कागद अडकला तर पिकअप रोलर पुसायचा, कॉपीवर काळी रेघ आली तर ड्रमची ब्लेड बघायची. मशीन किती जुनं आहे, याला फारसं महत्त्व नव्हतं.

डिजिटल मशिनं आली आणि आमचं काम बदललं. आता फोन आला की आधी मॉडेल नंबर विचारतो आणि त्याचं उत्पादन कधी थांबलं ते शोधतो. ऑफिसच्या मशिनांसाठी बरेच उत्पादक उत्पादन थांबल्यानंतर साधारण 5 ते 7 वर्षं स्पेअर पुरवतात. ही मुदत बिलाच्या तारखेपासून मोजली जात नाही, हे ग्राहकाला दरवेळी समजावून सांगावं लागतं. शेवटच्या लॉटमधलं, सवलतीत घेतलेलं मशीन आणि चार वर्षं आधी घेतलेलं तेच मॉडेल, दोन्हींचे स्पेअर एकदमच बंद होतात. विकणाऱ्याने हे खरेदीच्या वेळीच सांगायला हवं, असं आमचं ठाम मत आहे.

टोनरची चिंता सहसा शेवटी येते. खप मोठा असल्याने कॉम्पॅटिबल टोनर बनवणारे बरेच असतात. अडतं ते मेन बोर्ड, स्कॅनर युनिट, एखादा साधा दिसणारा गिअर यांच्यापाशी. म्हणून आम्ही स्पेअरचा साठा करायला लागलो, पण मापात. रबराचा रोलर पाकिटातल्या पाकिटात कडक होतो आणि मग कागद धरत नाही. ड्रमला उजेड चालत नाही, तो काळ्या कागदात गुंडाळूनच ठेवावा लागतो. दमट जागेत टोनरच्या गुठळ्या होतात.

आमच्या कामाला खरी कलाटणी दिली सॉफ्टवेअरने. 2017 च्या शरद ऋतूतल्या अपडेटपासून विंडोज 10 च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी 1 हा नेटवर्कवरून फाइली पाठवायचा जुना प्रोटोकॉल आपोआप येणं बंद झालं. नवा कॉम्प्युटर जोडला की जुन्या कॉपियरचं फोल्डरमध्ये स्कॅन करणं थांबायचं. ग्राहक म्हणायचे, ‘स्कॅनर गेला.’ स्कॅनर ठणठणीत होता! जुन्या मशीनसाठी नवं फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर, मात्र कंपनी काढणार नव्हती. एसएमबी 1 पुन्हा चालू करणं दोन मिनिटांचं काम, पण आम्ही ते करत नाही. त्याच वर्षी वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस त्याच प्रोटोकॉलमधल्या त्रुटीतून जगभर पसरला होता. मशीनमध्ये सोय असेल तर आम्ही पेन ड्राइव्हवर स्कॅन लावून देतो, नाहीतर ऑफिसच्या बाकी नेटवर्कपासून वेगळ्या ठेवलेल्या एका कॉम्प्युटरवर एफटीपी या फाइल पाठवायच्या दुसऱ्या पद्धतीने. 2022 मध्ये गूगलने नुसत्या पासवर्डवर मेल पाठवायची सोय काढून घेतली, तेव्हा मेलवर स्कॅन करणाऱ्या मशिनांचीही अशीच गत झाली.

या अनुभवातून आमचा सल्लाही बदलला. पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट, म्हणजे पान कसं छापायचं ते सांगणाऱ्या प्रचलित भाषा, समजणारं मशीन घ्या, असं आम्ही आग्रहाने सांगतो. कंपनीने ड्रायव्हर काढणं थांबवलं तरी अनेक मॉडेलना चालणाऱ्या युनिव्हर्सल ड्रायव्हरवर ते बरीच वर्षं निभावतं. जे स्वस्त प्रिंटर पान तयार करायचं काम कॉम्प्युटरवर ढकलतात, ते स्वतःच्या ड्रायव्हरवरच अवलंबून असतात. नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर आला नाही की चांगल्या अवस्थेतलं मशीन कोपऱ्यात जातं, आणि तेव्हा आम्हालाही वाईट वाटतं.

मॉडेलचं उत्पादन थांबल्याची तारीख आता आमच्या देखभाल करारातच लिहिलेली असते. स्पेअरची मुदत संपायच्या आधीच्या वर्षी फ्यूजर (टोनर तापवून कागदावर पक्का करणारा भाग), ट्रान्सफर बेल्ट (टोनर कागदावर नेणारा पट्टा), रोलर यांची यादी ग्राहकापुढे ठेवतो. ज्यांच्याकडे एकाच मॉडेलची बरीच मशिनं आहेत, त्यांना सगळ्यात जास्त काउंटर झालेलं, म्हणजे सगळ्यात जास्त पानं काढलेलं, एक मशीन निवृत्त करायला सांगतो. त्याच्या गिअर आणि बोर्डांवर बाकीची चालतात. ते खोलण्याआधी आतली हार्ड डिस्क मात्र पूर्ण पुसतो, कारण स्कॅन केलेले कागद तिच्यात राहिलेले असू शकतात.